अँटीमॅजिक फील्डमध्ये लिच सापडला, तर तलवार चालते का?

झिरोमाईल

नमस्कार मंडळी. गेल्या रविवारी आमच्या टेबलवर वाद झाला आणि खेळ मध्येच थांबवावा लागला. डीएम, म्हणजे खेळ चालवणारा आणि नियमांचा निवाडा करणारा, मी आहे, निर्णय माझाच होता. तो बरोबर होता की नाही, हे मला नीट समजून घ्यायचं आहे.

प्रसंग असा. डन्जन्स अँड ड्रॅगन्स हा फासे टाकून खेळायचा पात्रांचा खेळ, पाचवी आवृत्ती, २०१४ ची पुस्तकं. पाच जणांचा गट, सगळे पंधराव्या लेव्हलचे. दीड वर्षापासून ज्याचा माग काढत होते तो लिच, म्हणजे मेल्यावरही टिकून राहिलेला जादूगार, शेवटी तळघरात समोर आला. आमचा विझार्ड (जादूगार) खेळणारा मित्र हिंगणा एमआयडीसीत लेथवर काम करतो. अँटीमॅजिक फील्ड हे स्पेल, म्हणजे आपल्याभोवतीच्या गोलातली जादू दाबणारा मंत्र, टाकायला चिमूटभर लोखंडाचा कीस लागतो, म्हणून पंधरावी लेव्हल मिळाल्या दिवसापासून तो रिळाच्या जुन्या डबीत लोखंडाचा बुरादा घेऊन येत होता. लिचने त्या फेरीतली एकुलती रिअॅक्शन (दुसऱ्याच्या पाळीत करायची प्रतिक्रिया) शील्ड या बचावाच्या स्पेलवर खर्च केल्याचं त्याने पाहिलं, म्हणजे आता दुसऱ्याचं स्पेल हाणून पाडणारं काउंटरस्पेल येणार नाही. त्याने डबी उघडली, बुराद्याची चिमूट मॅपवर टाकली आणि तारेची चार इंची रिंग आपल्या मिनीभोवती, म्हणजे पात्राच्या छोट्या पुतळीभोवती, ठेवली. दहा फूट त्रिज्या. लिच बरोबर आत. सगळे खुर्च्यांवरून उठले.

मग फायटरने (योद्ध्याने) जादूच्या +२ लाँगस्वोर्डने तीन वार केले. तिन्ही लागले. आणि मी सांगितलं, डॅमेज शून्य.

गोलात तलवारीची जादू दबते, ती साधी तलवार होते, आणि लिचला बिनजादूच्या हत्यारांपासून पूर्ण इम्युनिटी आहे. फायटरचं म्हणणं, "माझ्या तलवारीची जादू जाते, मग त्याच्या हाडांची का जात नाही? तो उभाच जादूवर आहे." अर्धा तास हेच चाललं. त्यात लाइट गेली, कूलर बंद पडला, आणि मे महिन्यातल्या दुपारी बंद खोलीत सहा माणसं. कुणाचंच डोकं थाऱ्यावर राहिलं नाही.

इम्युनिटी दबायला हवी होती का? आणि नसेल दबत, तर लिचवर हे स्पेल टाकून मिळतं काय? येत्या रविवारी त्याच क्षणापासून पुढे खेळायचं आहे.

तर्री

भाऊ, मले तर फायटरचंच पटते. लिच म्हणजे मढं. ते चालून राह्यलं, बोलून राह्यलं, ते जादूच्याच भरवशावर ना? मंग गोलात आल्याबरोबर त्याचा हाडाचा ढीग व्हाले पाह्यजे. तुमी त्याले उभं ठेवलं, अन् वरून इम्युनिटीबी ठेवली. माह्या टेबलवर मी असं होऊ देल्लं नसतं.

धरमपेठ_डी२०

तर्री, ही शंका प्रत्येक टेबलवर एकदा तरी निघते, आणि निघायलाच हवी. अँटीमॅजिक फील्डचं सगळं कोडं याच एका प्रश्नात आहे.

जादूने घडलेली वस्तू आणि जादूवर चालणारी वस्तू, हे दोन वेगळे प्रकार आहेत. कोराडीची वीज बंद झाली की पंखा थांबतो. पण भट्टी विझली म्हणून भाजलेली वीट परत माती होत नाही. फील्ड पंखे थांबवतं, विटा फोडत नाही.

नियमांत पंखा कोणता आणि वीट कोणती, हे स्पेलच्या मुदतीवरून ओळखायचं. अॅनिमेट डेडची मुदत 'इन्स्टंटेनियस' लिहिलेली आहे. स्पेल त्याच क्षणी संपलं, सांगाडा उभा राहिला, आता त्याला धरून ठेवणारं काहीच चालू नाही. म्हणून डिस्पेल मॅजिकने सांगाडा पडत नाही आणि अँटीमॅजिक फील्डमध्येही तो खुशाल चालत येतो. समन करून आणलेला प्राणी मात्र गोलात गायब होतो आणि गोल सरकला की परत दिसतो. तो पंखा.

मग उरतो लिच. सेज अॅडव्हाइसमध्ये, म्हणजे नियमांवरच्या अधिकृत प्रश्नोत्तरांत, याची कसोटी दिली आहे. ड्रॅगनचा श्वास जादूचा धरायचा का, अशा प्रश्नावर ती आली होती. त्यात म्हटलंय की या जगात एक जादू सगळीकडे मुरलेली असते, ड्रॅगन मुळात आहे तो तिच्याचमुळे, आणि तिला फील्ड हात लावत नाही. फील्ड दाबतं ती एकवटलेली जादू. एखादी क्षमता त्यात बसते का, हे पाहायला पाच प्रश्न: ती मॅजिक आयटम आहे का, ते स्पेल आहे किंवा स्पेलसारखा परिणाम करतं का, तो स्पेल अटॅक आहे का, त्यात स्पेल स्लॉट (स्पेल टाकायची मोजकी शिल्लक) जळतो का, आणि वर्णनात ते जादूचं असल्याचं स्पष्ट लिहिलंय का. एकाचं उत्तर 'हो' आलं की दबलं.

आता लिचचं पान उघडा. पॅरलायझिंग टच 'मेली स्पेल अटॅक' आहे, दबला. फ्रायटनिंग गेझ आणि डिसरप्ट लाइफ या दोन्हींच्या वर्णनात सेव्ह, म्हणजे बचावाचा फासा, 'या जादूविरुद्ध' करायचा असं लिहिलंय, दबले. अठराव्या लेव्हलचं स्पेलकास्टिंग तर गेलंच. इम्युनिटी स्वतः जादूची असल्याचं मात्र तिच्या ओळीत कुठेच लिहिलेलं नाही. ते त्याच्या शरीराचं कवच आहे, वीट आहे. झिरोमाईल भाऊ, तुमचा निर्णय नियमाला धरून होता.

जुना_ग्रीहॉक

धरमपेठ बरोबर सांगताहेत, पण फायटरही खोटं बोलत नाहीये. झिरोमाईल, त्याला एकदा विचारा, तो आधी साडेतीन खेळलाय का.

२००३ च्या साडेतीन आवृत्तीत प्रत्येक क्षमतेपुढे कंसात तिचा प्रकार छापलेला असायचा. सुपरनॅचरल असेल तर अँटीमॅजिक फील्डमध्ये दबणार, एक्स्ट्राऑर्डिनरी असेल तर चालणार. वादाला जागाच नव्हती. त्या आवृत्तीत लिचला इम्युनिटी नव्हती, डॅमेज रिडक्शन होतं, म्हणजे दर घावातून १५ वजा, आणि ते भेदायला हत्यार बोथटही हवं आणि जादूचंही. पण त्या रिडक्शनपुढे सुपरनॅचरल लिहिलेलं होतं! म्हणजे गोलात शिरला की लिचचं कवच गळालं. साध्या तलवारीचा घाव पूर्ण बसायचा. तुमच्या फायटरला जे 'असं असायला पाहिजे' वाटतंय, ते तेव्हा खरोखर तसंच होतं.

आणखी एक. साडेतीनमध्ये शरीरधारी अनडेडवर (मेल्यावरही वावरणाऱ्यांवर) फील्डचा परिणाम नाही हे लिहूनच ठेवलं होतं, पण अशरीरी अनडेड, म्हणजे घोस्ट, रेथ वगैरे, गोलात शिरले की दिसेनासे व्हायचे. तर्रीचं म्हणणं त्यांच्यापुरतं त्या काळात खरं होतं. पाचव्यात ती ओळ गळाली.

आम्ही तेव्हा मोफत मिळणारे नियम बुर्डीतून प्रिंट काढून आणायचो. ती फाइल आजही माझ्याकडे आहे, म्हणून इतक्या खात्रीने लिहितोय.

झिरोमाईल

आत्ताच फोन केला. कॉलेजात तीन वर्षं साडेतीनच खेळलाय तो. रविवारपासून मी त्याला हट्टी समजत होतो, आणि तो त्याच्या जागी बरोबर होता. ग्रीहॉक दादा, मनापासून आभार.

सदर_रोल

यात तिसरं उत्तरही आहे. २०२४ चे नियम आणि त्यांच्या जोडीला २०२५ मध्ये आलेलं नवं मॉन्स्टर मॅन्युअल घेतलं, तर 'बिनजादूच्या हत्यारांपासून इम्युनिटी' हा प्रकारच काढून टाकलाय. नव्या लिचला ती नाही. गोलात साधी तलवार लागली की लागली. त्याबदल्यात त्याचे हिट पॉइंट (मार सोसायची ताकद) १३५ वरून ३१५ केलेत, आणि लिचचा आत्मा जपणाऱ्या फायलॅक्टरीला आता स्पिरिट जार म्हणतात. नव्या अँटीमॅजिक फील्डमध्ये टेलिपोर्ट करून आत येता-जाता येत नाही हेही स्पष्ट लिहिलंय. एकाच प्रश्नाला तीन पुस्तकांत तीन उत्तरं, आणि तिन्ही आपापल्या जागी पक्की.

फुटाळा_क्लेरिक

मी दोन मोहिमा क्लेरिक, म्हणजे देवाच्या नावाने जादू करणारी पुजारी, खेळले आहे, त्यामुळे अनडेडशी गाठ रोजची. झिरोमाईलच्या दुसऱ्या प्रश्नावर कुणी आलं नाही, म्हणून लिहिते.

आधी हे लक्षात घ्या की गोलात क्लेरिक आणि पॅलाडिनही (धर्मयोद्धेही) रिकाम्या हाताचे होतात. डिव्हाइन स्माइट स्लॉटवर चालतो, गेला. चॅनल डिव्हिनिटीच्या वर्णनात दैवी ऊर्जेने जादूचे परिणाम घडवता असं लिहिलंय, म्हणून अनडेडना पळवून लावणारं टर्न अनडेडही गेलं. देवाची जादू दबत नाही असं वाक्य स्पेलमध्ये आहे, ते खुद्द देवतेने केलेल्या परिणामाबद्दल आहे. देवतेचं नाव घेऊन क्लेरिकने केलेल्या स्पेलबद्दल नाही. माझ्या पहिल्या मोहिमेत मी इथेच फसले होते.

पण लिचकडे तरी काय उरतं? ताकद ११. गोलात त्याचा ठोसा म्हणजे १ डॅमेज. मारणं बाजूला ठेवा, त्याला धरा. ग्रॅपल (धरून ठेवणं) ही दोघांच्या फाशांची झटापट आहे, सेव्ह नाही, म्हणून चुकलेला सेव्ह वाचवणारे लिचचे तिन्ही लेजेंडरी रेझिस्टन्स तिथे उपयोगाचे नाहीत. पंधराव्या लेव्हलचा, अॅथलेटिक्स असलेला फायटर +१० ने ओढतो, लिच फार तर +३ ने सुटायला बघतो. ग्रॅपल्ड अवस्थेपासून त्याला इम्युनिटी नाही, पान पुन्हा तपासून सांगते आहे. धरला की त्याचा वेग शून्य, आणि गोलात असल्यामुळे डायमेन्शन डोअर नाही, प्लेन शिफ्ट नाही.

मग अॅसिड. एक कुपी २५ सोन्याची नाणी, डॅमेज दोन डी६, म्हणजे सहा बाजूंच्या दोन फाशांइतकं, आणि अॅसिडपासून लिचला काहीही संरक्षण नाही. सरासरी ७ धरली तर १३५ ला वीस कुप्या, म्हणजे ५०० नाणी. या लेव्हलला ही रक्कम काहीच नाही, पण कुणी कुप्या घेऊन फिरत नाही. होली वॉटरही अनडेडला दोन डी६ देतं. ते तयार करताना स्लॉट जळतो, म्हणून काही डीएम ते गोलात चालू देत नाहीत. मी चालू देते. स्लॉट पाणी करताना गेला, फेकताना नाही. धरमपेठच्या भाषेत ती वीट झाली. पण हा निर्णय खेळ सुरू होण्याआधी सांगून टाका, कुपी हवेत असताना नाही.

तर्री

ताई, हे पटलं. पण एक सांगा, डेथ नाइट असता तर?

फुटाळा_क्लेरिक

डेथ नाइटवर हे स्पेल टाकू नका, कळकळीने सांगते. त्याला बिनजादूच्या हत्यारांची इम्युनिटी नाही हे खरं, आणि हेलफायर ऑर्बच्या वर्णनात 'जादूचा गोळा' लिहिल्यामुळे तो दबतो हेही खरं. पण त्याची लाँगस्वोर्ड तीनदा फिरते, दर वाराला वर चार डी८ नेक्रॉटिक, आणि तिच्या वर्णनात जादूचा शब्द कुठेच नाही. आर्मर क्लास (वार लागायला गाठायचा आकडा) २०, हिट पॉइंट १८०. तुम्ही आपली चिलखतं, आपले बरे करणारे स्पेल, सगळं विझवून त्याच्या तलवारीसमोर उभे राहता. लिच म्हणजे पुस्तकं घेऊन बसलेला पंडित, डेथ नाइट म्हणजे मेलेला योद्धा. पहिल्याचं सगळं जातं, दुसऱ्याचं जवळजवळ काहीच जात नाही.

जुना_ग्रीहॉक

त्यात डेमीलिचची, म्हणजे नुसती कवटी उरलेल्या लिचची, भर घालतो. हिट पॉइंट फक्त ८०, म्हणून लोक भुलतात. त्याच्या हाउलमध्येही (किंकाळीतही) जादूचा उल्लेख नाही. तीस फुटांत ज्याला ऐकू येईल त्याने १५ चा कॉन्स्टिट्यूशन सेव्ह चुकवला की सरळ शून्य हिट पॉइंट. बाहेर असता तर आवाज बंद करणारा सायलेन्स टाकला असता, गोलात तोही चालत नाही. कानात मेणाचे बोळे घालून जा. 'ऐकू येईल त्याला' असं लिहिलंय, म्हणून हा उपाय नियमातच बसतो.

अंबाझरी_तिरंदाज

सगळे लिचला गोलात घ्यायचं बोलताहेत. मी उलट सांगतो. लिचला बाहेर ठेवा, स्वतः आत राहा.

स्पेलमधली मॅजिक आयटमची ओळ शेवटपर्यंत वाचा. जादूचा बाण गोलातून सोडला आणि तो पूर्ण बाहेर पडला, की त्याची जादू त्याच क्षणी परत येते. धनुष्य आत आहे, म्हणून धनुष्याची जादू मिळणार नाही. पण +१ बाण बाहेर जाऊन लिचला जादूचा बाण म्हणूनच लागतो. आणि लिचचं फिंगर ऑफ डेथ, डिसिंटिग्रेट, पॉवर वर्ड किल, काहीही आत येत नाही. विझार्डच्या मागे दोन तिरंदाज उभे करा. दाराबाहेर, लिचच्या नजरेआड स्पेल टाका, म्हणजे काउंटरस्पेलचा प्रश्नच मिटला, आणि मग चालत आत शिरा. गोल विझार्डबरोबर सरकतो, मुदत तासाभराची असते.

आम्ही हे करून पाहिलंय. एक गोष्ट मात्र डोक्यात ठेवा, लिच मूर्ख नाही. आमच्या डीएमने दुसऱ्याच फेरीत क्लाउडकिल टाकलं. धूर गोलात आला नाही, पण गोलाभोवती इतका दाट झाला की आम्हाला लिच दिसेना. मग त्याने डिसिंटिग्रेटने आमच्या डोक्यावरच्या कमानीचा दहा फुटी तुकडा उडवला आणि वरचं बांधकाम खाली आलं. ते दगड जादूचे नव्हते. विझार्डला लागले, स्पेल चालू ठेवणारं कॉन्सन्ट्रेशन (एकाग्रता) तुटलं. उघड्या मैदानात केलं असतं तर निभावलं असतं असं मला आजही वाटतं.

धरमपेठ_डी२०

अंबाझरी, ही ओळ मी आठ वर्षांत दहा वेळा वाचली असेल आणि हा अर्थ कधी लक्षात आला नव्हता. फार सुंदर.

तुमच्या आणि ताईंच्या पोस्ट एकत्र वाचताना एक सुचलं. कॉन्सन्ट्रेशन विझार्डला हवं तेव्हा सोडता येतं, त्याला अॅक्शन लागत नाही. म्हणजे लिचला गोलात धरायचं, त्याचा टर्न असाच वाया जाऊ द्यायचा, आणि तो टर्न संपला त्या क्षणी गोल सोडायचा. मग त्याच्या पुढच्या टर्नपर्यंत सगळ्यांची हत्यारं जिवंत, आणि तो अजून फायटरच्या पकडीत. लिचकडे तेवढ्या वेळात उरतात लेजेंडरी अॅक्शन, म्हणजे दुसऱ्यांच्या टर्ननंतर मिळणाऱ्या जादा चाली, आणि एक रिअॅक्शन. झिरोमाईल, तुमच्या डावात इनिशिएटिव्हचा, म्हणजे पाळ्यांचा, क्रम काय आहे?

झिरोमाईल

लिच, मग फायटर, मग रेंजर (तिरंदाज). पुढे रोग (म्हणजे चोर), क्लेरिक, विझार्ड.

हा धागा गटातल्या सगळ्यांना पाठवलाय. डीएमनेच लिचला मारायची युक्ती दाखवू नये असं कुणी म्हणेल. पण त्या दिवशी फायटरने ज्या समजुतीवर वार केले ती माझ्याकडून स्पष्ट व्हायला हवी होती, म्हणून एवढं त्यांचं देणं लागतो.

झिरोमाईल

रविवार झाला. लगेच लिहायला बसलोय.

निर्णय तोच ठेवला: २०१४ चे नियम, इम्युनिटी कायम. पण फायटरला त्याचा टर्न परत दिला. तो म्हणाला, "ठीक आहे, तलवार म्यानात," आणि ग्रॅपल मागितलं. त्याचे २१, लिचचे ९. धरला.

लिचचे ७१ हिट पॉइंट उरले होते. रेंजर आणि रोगकडे मिळून दोनच अॅसिडच्या कुप्या निघाल्या, ७ आणि ९. क्लेरिकने होली वॉटर फेकलं, ताईंचा निर्णय मी आधीच सांगितला होता, ६ लागले. ४९ राहिले. विझार्डने काहीच केलं नाही, एका बोटाने तारेची रिंग दाबून बसला. लिचचा टर्न आला. लेजेंडरी अॅक्शन वापरायला जादू नाही, स्पेल नाही, पळायला पाय नाहीत. त्याने सुटायचा प्रयत्न केला, १७. फायटरचे १९. खोलीत फक्त कूलरचा आवाज होता.

लिचचा टर्न संपल्याचं मी म्हणालो आणि विझार्डने तारेची रिंग मॅपवरून उचलली.

फायटरने एका हाताने लिचला धरून दुसऱ्याने तलवार काढली. तीन वार, मग अॅक्शन सर्ज, म्हणजे फायटरची जादा अॅक्शन, आणखी तीन. लिचने शील्ड टाकलं, आर्मर क्लास २२. सहापैकी चार लागले, ४६. तीन हिट पॉइंट उरले. टर्न संपताच लिचने दोन लेजेंडरी अॅक्शन घालून पॅरलायझिंग टच वापरला. फायटरने सेव्ह चुकवला, गोठला, पकड सुटली. रेंजरची पाळी. शील्ड अजून चालू. तिने डी२० हातात घेऊन मिनिटभर नुसता फिरवला, मग टाकला. १७.

बाण लागला.

फायटर टेबलाला वळसा घालून आला आणि न बोलता माझा हात हातात घेतला. नंतर तो आणि विझार्ड दोघं मिळून मॅपवर सांडलेला बुरादा चुंबकाने गोळा करत बसले होते, डबीत परत भरायला.

लिचचं नवं शरीर तयार व्हायला एक डी१० दिवस लागतात. तो फासा मी पडद्यामागे टाकलाय, आकडा त्यांना सांगितलेला नाही. फायलॅक्टरी अजून सापडायची आहे.